अप्पांची खोली, दमट हवा आणि दर मे महिन्यात भरलेला गॅस

३३ डिग्री हा आकडा ऐकून विदर्भातली माणसं हसतात. माझी आत्या अकोल्याला असते, तिच्याकडे मे महिन्यात ४४-४५ ही रोजची गोष्ट, त्यामुळे आम्ही रत्नागिरीकर फोनवर "उकाड्याने जीव चाललाय" म्हटलं की ती म्हणते, अगं तेहतीसला कसला आलाय उकाडा, आमच्याकडे तेवढं तर पहाटे असतं. मग एका उन्हाळ्यात तिने काळजीपोटी ट्रान्सपोर्टने आमच्यासाठी एक कूलरच पाठवून दिला, तिकडे मिळतो तसला मोठा पत्र्याचा, बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावलेला. घरभर काय सुंदर वास सुटला होता! पण संध्याकाळपर्यंत आमच्या घरातल्या वयस्कर अप्पांच्या खोलीतली चादर दमट झाली, कपाटाच्या दाराला ओल आली, आणि अप्पा, ज्यांना दम्याचा त्रास आहे, ते उठून गॅलरीत जाऊन बसले. कूलर बंद केला.

त्यात कूलरचा काही दोष नाही. कूलर पाणी हवेत उडवतो आणि उडताना ते पाणी हवेतली उष्णता सोबत घेतं, एवढंच त्याचं काम. अकोल्याची हवा ४४ डिग्रीला असते पण आर्द्रता पंधरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ती हवा तहानलेली असते, तिथे पाणी उडत उडत हवेला जवळजवळ २३ डिग्रीपर्यंत खाली आणू शकतं. आमची हवा ३३ डिग्री आणि आर्द्रता सत्तर टक्के, तिला कितीही पाणी पाजा ती २८ च्या खाली जाणारच नाही, आणि त्या २८ ला ती शंभर टक्के भरलेली असेल. आपला घाम म्हणजे तरी काय, अंगावरचा कूलरच. तो वाळला तर अंग गार होतं. इथे तो वाळतच नाही, नुसता निथळतो. त्यामुळे आमच्या ३३ ला हसू नये असं मला अगदी मनापासून वाटतं, विशेषतः ज्या घरात म्हातारं माणूस किंवा दम्याचा पेशंट आहे तिथे तर नाहीच.

मी एकदा बसून हिशोब केला होता. आमच्या हवेत एका घनमीटरला साधारण २५ ग्रॅम पाण्याची वाफ असते, अकोल्याच्या त्या तापलेल्या हवेत ९ ग्रॅमच्या आसपास. अप्पांची खोली दहा बाय बारा, म्हणजे त्या खोलीच्या नुसत्या हवेत पाऊण लिटरपेक्षा जास्त पाणी तरंगत असतं, डोळ्यांना न दिसणारं. आणि ते काढून टाकलं तरी दाराच्या फटीतून, खिडकीतून, भिंतीतून नवीन येतच राहतं कारण बाहेर समुद्र आहे, मांडवी आमच्यापासून दोन गल्ल्यांवर.

कोकणात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला लागत नाही म्हणा. आगोटीची सगळी धावपळ कशासाठी असते, तर पाऊस सुरू व्हायच्या आत सगळं कोरडं करून बंद करण्यासाठी. पापड, फेण्या, सुकट, आमसुलं, तांदूळ, मिरच्या. डबा नीट लागला नाही तर बिस्किट दुपारपर्यंत सादळतं. आजीच्या घरी मीठ आणि गूळ चुलीच्या वरच्या फळीवर असायचे, ओले कपडे रात्री चुलीच्या उबेला टांगलेले असायचे, आणि भजनाला निघायच्या आधी पखवाजाला शेक द्यायचे नाहीतर तो बोलतच नाही. आजही लोक हार्मोनियमच्या नाहीतर कॅमेऱ्याच्या कपाटात एक छोटा बल्ब चालू ठेवतात. आपल्याकडे घर गरम करायची म्हणून काही पद्धत नाही असं म्हणतात, पण पावसाळ्यात ऊब ही हवा कोरडी करण्यासाठीच वापरत आलोय आपण. हवा गरम केली की तिची पाणी धरायची ताकद वाढते आणि वस्तू सुकतात. फक्त माणसाला त्या उबेत बसवत नाही. माणसासाठी हवा गार आणि कोरडी दोन्ही एकदम करायला लागते, आणि ते काम एसी करतो.

एसी मुळात जन्माला आला तोच पाण्यासाठी. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधे एका छापखान्याला उन्हाळ्यातल्या दमट हवेने हैराण केलं होतं, कागद फुगायचा, आकसायचा, आणि रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा रंग बरोबर बसायचा नाही. विलिस कॅरियर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरने थंड कॉइलवरून (गार नळ्यांच्या जाळीवरून) हवा फिरवून तिच्यातलं पाणी काढायची व्यवस्था आखली. माणसांना गार वाटावं हा उद्देशच नव्हता. आमच्या रामआळीतल्या एका प्रेसवाल्यांना मी हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, अहो आम्ही पण जूनमधे कागदाची रिमं फोडायच्या आधी मशीनच्या खोलीत नेऊन ठेवतो, नाहीतर पत्रिकेवरचा गणपती आणि त्याची सोनेरी कड वेगवेगळ्या जागी जातात.

तर अप्पांच्या खोलीत एसी आला २०१३ साली, डॉक्टरांनी सांगितल्यावर. त्यावेळी दुकानात आम्हाला दोन टनाचा घ्या म्हणून खूप आग्रह झाला. समुद्राकडची खोली, दुपारचं ऊन, मोठा घेतलेला बरा, पटकन गार होईल. हा सल्ला आजही सगळीकडे दिला जातो आणि आमच्यासारख्या हवेत तो चुकीचा आहे हे मला इथे ठासून सांगायचंय. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एक माप), साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकायची ताकद. छोट्या खोलीत मोठं मशीन बसवलं तर ते पटकन खोलीचं तापमान सेट केलेल्या आकड्यावर आणतं आणि कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) बंद पडतो. पण पाणी काढायला वेळ लागतो. कॉइल चांगली गार व्हावी लागते, तिच्यावर दव जमायला लागतं, ते थेंब होऊन ट्रेमधे ओघळायला लागतं, मग ते पाइपमधून बाहेर. कॉम्प्रेसर मधेच बंद पडला आणि पंखा चालूच राहिला तर कॉइलवर जमलेलं तेच पाणी परत खोलीत उडतं. त्यामुळे खोली गार आणि चिकट, गोधडीसुद्धा ओलसर लागते. मग माणूस काय करतो, रिमोट घेऊन अजून खाली आणतो, १८ वर. माझ्या भावाने तेव्हा दुकानदाराचं न ऐकता दीड टनाचाच घेतला आणि तोही त्या खोलीला खरं म्हणजे थोडा मोठाच होता.

आता एसीतल्या गॅसबद्दल.

एसी घेतल्यानंतर पहिली तीन-चार वर्षं छान गेली. मग एका मे महिन्यात थंडावा कमी झाला, इनडोअरमधून पाणी टपकायला लागलं, झाकण उघडून बघितलं तर कॉइलवर बर्फाचा थर. ज्या सर्व्हिसवाल्यांचं वार्षिक कॉन्ट्रॅक्ट होतं (नाव लिहीत नाही) त्यांचा मुलगा आला, गेज (गॅसचा दाब मोजायचा काटा) लावलं, म्हणाला गॅस कमी झालाय, भरायला लागेल. भरला. एसी पुन्हा मस्त. पुढच्या मे महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या मे महिन्यात तेच, आणि प्रत्येक वेळी बिलावर एकच ओळ, गॅस चार्जिंग. कारण विचारलं तर उत्तर, "मॅडम, पाच वर्षं झाली की गॅस संपतो, गाडीत पेट्रोल भरता ना." हे वाक्य मी नंतर इतक्या घरांमधून ऐकलंय, मुंबईत, पनवेलला, गोव्याला मामेबहिणीकडे, की मला वाटतं हे कुठेतरी शिकवतच असावेत.

मग आमच्या शेजाऱ्यांनी एक मेस्त्री सुचवले. साठीच्या जवळपासचे, आयटीआय झालेले, आधी बंदरावरच्या बर्फ कारखान्यात आणि मासळीच्या कोल्ड स्टोरेजमधे काम केलेले. ते आले, चप्पल बाहेर काढली, पाणी प्यायले, आणि एसीला हात लावायच्या आधी अप्पांच्या शेजारी बसून सगळा इतिहास विचारला. कधी घेतला, गॅस किती वेळा भरला, कोणत्या महिन्यात, बर्फ कॉइलच्या कोणत्या बाजूला धरतो, खोलीत फर्निचर कधी केलं. मग आईला म्हणाले, "काकी, गॅस संपत नसतो हो. गॅस जातो. कुठून जातो ते बघूया."

एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, वापरला जात नाही. बंद नळीतून तो नुसता फिरत असतो, आत खोलीत उकळून वाफ होतो आणि उष्णता घेतो, बाहेर कॉम्प्रेसरने दाबला जाऊन परत द्रव होतो आणि ती उष्णता टाकतो. नळी शाबूत असेल तर तोच गॅस मशीनच्या शेवटापर्यंत पुरतो. कमी झाला याचा अर्थ भोक आहे. आणि कमी झाल्यावर बर्फ का धरतो, तर आतला दाब पडतो, कॉइलचा सुरुवातीचा भाग शून्याच्या खाली जातो, आणि आमच्या हवेत पाण्याची कमी नाहीच, ते लगेच तिथे गोठतं, हवेची वाट अडते, हवा अडली की आणखी बर्फ. मग मशीन बंद केलं की वितळून सगळं पाणी भिंतीवर. म्हणजे घरातले तक्रार करतात पाणी गळतंय म्हणून, आणि दुखणं असतं गॅसच्या भोकाचं.

मेस्त्रींनी उरलासुरला गॅस हवेत न सोडता एका रिकाम्या सिलेंडरमधे ओढून घेतला, यातच निम्मी सकाळ गेली. मग कोरडा नायट्रोजन भरला आणि साबणाचा फेस ब्रशने एकेका सांध्याला लावत गेले. बाहेरचे दोन्ही फ्लेअर नट (नळ्या जोडणारे नट) ठीक. इनडोअरच्या मागचे नट ठीक. व्हॉल्व्ह ठीक. मग म्हणाले आज गेज लावून ठेवतो, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी काटा खाली आला होता. तेव्हा त्यांनी इनडोअरची कॉइल अख्खी सोडवून खाली सोसायटीच्या मागच्या हौदात नेली, दोन्ही तोंडं बंद करून, नायट्रोजनचा दाब देऊन पाण्यात बुडवली. आम्ही सगळे हौदाभोवती उभे, अप्पासुद्धा काठी टेकत खाली आलेले. बराच वेळ काही दिसेना. मग एका कोपऱ्यातून, पत्र्यांच्या आतून, अगदी बारीक बुडबुड्यांची एक रांग वर यायला लागली. थोड्या वेळाने दुसऱ्या ठिकाणाहून. मग तिसऱ्या. अप्पा एवढंच म्हणाले, "इतकी वर्षं कोणी बघितलंच नाही."

तांब्याच्या त्या नळ्या बाहेरून चांगल्या दिसत होत्या, एखाददुसरा काळसर डाग. पण नवीन प्लायवुडच्या गोंदातून, पॉलिशमधून, काही फिनाइल-क्लीनर वगैरेमधून फॉर्मिक आणि ॲसेटिक ॲसिडचे अंश हवेत येतात, ते कॉइलवरच्या दवात विरघळतात, आणि तांब्यात आतल्या आत मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक भुयारं पाडत जातात. दव नसेल तर हे होणार नाही, आणि आमच्याकडे कॉइल वर्षातले कितीतरी महिने ओलीच असते. अप्पांच्या खोलीत वॉर्डरोब आणि पलंग नवीन केल्यानंतरच गॅस जायला लागला होता, म्हणून मेस्त्रींनी फर्निचरचं विचारलं होतं! बाहेरच्या युनिटचं दुखणं वेगळं असतं, तिथे खारा वारा. तांब्याची नळी आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, दोन धातू एकमेकांना चिकटलेले आणि वर मिठाचं पाणी, की ॲल्युमिनियम खायला सुरुवात. किनाऱ्यावर तीन-चार वर्षांत ते पत्रे हाताने चुरगळतात, पांढरी पूड पडते. आणि मुंबईत खाडीच्या नाहीतर नाल्याच्या कडेला राहणाऱ्यांना तर गटारातल्या गॅसमुळे तांबं आणि सर्किट बोर्ड दोन्ही काळे पडल्याचे अनुभव आहेत, तिथे कॉइल फार वर्षं टिकत नाही.

आता दुरुस्त करायचं की बदलायचं. कॉइलला तीन ठिकाणी भोकं, म्हणजे डाग देऊन (ब्रेझिंग करून) एक बुजवलं तरी चौथं पुढच्या वर्षी. पूर्ण नवीन कॉइल घालता आली असती, पण मशीन २०१३ चं, आत आर-२२ गॅस. हा गॅस ओझोनला खातो म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराखाली जगभर टप्प्याटप्प्याने बंद होतोय, नवीन एसीत तो आता येत नाही, दुरुस्तीपुरता मिळतो आणि तो दिवसेंदिवस महाग होत जाणार. शिवाय एक किलो आर-२२ हवेत सोडला की शंभर वर्षांच्या हिशोबाने जवळपास १,८०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्याइतकी पृथ्वी तापते. दीड टनाच्या मशीनमधे साधारण किलोभर गॅस मावतो. म्हणजे दर मे महिन्यात आमच्या घरी जो "गॅस भरला" तो वर्षभरात त्या बारीक भोकांतून अप्पांच्या खोलीतून आकाशात गेला, आणि आम्ही त्याचे पैसे दिले. मला याचा अजूनही राग येतो. दोन दिवसांचं काम, नायट्रोजनचा एक सिलेंडर आणि पाण्याचा हौद, एवढ्यात जे कळलं असतं ते वर्षानुवर्षं कोणी केलं नाही कारण भोक शोधण्याचे पैसे बिलावर मागता येत नाहीत आणि गॅसचे मागता येतात.

कोणीतरी असंही सुचवलं की त्याच मशीनमधे नवा आर-३२ भरून टाका, स्वस्त पडेल. हे कृपा करून कोणी करू नका. आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो, जुन्या नळ्या आणि कॉम्प्रेसर त्यासाठी बनलेलेच नाहीत, आतलं तेल वेगळं लागतं, आणि हा गॅस थोडासा ज्वलनशील आहे. त्याच्यासाठी बनवलेल्या मशीनमधे तो चांगला आहे, तापमानवाढीचा आकडाही ६७५, आर-२२ च्या निम्म्याहून कमी. पण ज्याचं मशीन त्याचा गॅस.

मग बदलायचं ठरलं. एक टनाचा इन्व्हर्टर. इन्व्हर्टरमधे कॉम्प्रेसर चालू-बंद न होता हळू हळू चालत राहतो, त्यामुळे पाणी काढायला वेळ मिळतो हे खरं. पण मेस्त्रींनी एक गोष्ट सांगितली जी दुकानात कोणी सांगत नाही, की वीज वाचवण्यासाठी काही मशीनं कॉइल थोडी कमी गार ठेवतात, मग तापमान बरोबर येतं पण पाणी कमी निघतं, म्हणून पावसाळ्यात ड्राय मोड वापरा, त्यात पंखा हळू होतो आणि हवा कॉइलवर जास्त वेळ राहते. स्टार बघताना लेबलवरचं वर्षही बघा असंही ते म्हणाले, कारण निकष मधूनमधून कडक होतात, जुन्या लेबलचे पाच म्हणजे आजचे पाच नाहीत.

बसवणं हाच सगळ्यात मोठा भाग आहे असं माझं आता ठाम मत झालंय, मशीन कुठल्या कंपनीचं यापेक्षाही. मृगाचा पाऊस सुरू झाला होता. कंपनीच्या इन्स्टॉलेशनवाल्यांनी तासाभरात बसवून देतो म्हटलं, मेस्त्री मधे पडले आणि म्हणाले व्हॅक्यूम पंप (नळीतली हवा आणि ओल ओढून काढणारा) आणलाय का. आणला नव्हता. एसी बसवताना सर्रास काय करतात, मशीनमधला थोडा गॅस सोडून नळीतली हवा बाहेर ढकलतात, त्याला पर्जिंग म्हणतात, की झालं. पण जूनमधली रत्नागिरीची हवा म्हणजे घनमीटरला पंचवीस ग्रॅम पाणी, तेच नळीत राहतं. नवीन गॅसबरोबर जे तेल असतं ते पाणी फार पटकन शोषून घेतं, आणि पाणी मिसळलं की हळूहळू ॲसिड होतं, ते कॉम्प्रेसरच्या आतल्या वाइंडिंगला (मोटरच्या तारेच्या गुंडाळीला) खातं. मशीन लगेच बंद पडत नाही. काही वर्षांनी पडतं, आणि तेव्हा कोणाला त्या पावसातल्या तासाची आठवण असते? पुण्यात डिसेंबरमधे ही चूक कदाचित खपून जाईल. इथे नाही. शेवटी मेस्त्रींचा स्वतःचा पंप आला आणि बराच वेळ चालला, गेजचा काटा तळाला गेल्यावर पंप बंद करून ते नुसते स्टुलावर बसून राहिले, काटा हलतोय का बघत. कंपनीच्या मुलांपैकी एकजण हळूच त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि प्रश्न विचारायला लागला. दुसऱ्याला अजून चार घरं करायची होती, तो सारखा फोन बघत होता. त्याला प्रत्येक इन्स्टॉलेशनमागे पैसे मिळतात, वेळेचे नाही, तो तरी काय करणार.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. ड्रेनच्या पाइपला सलग उतार हवा, मधे कुठेही पोट आलं की तिथे पाणी साचतं, बुळबुळीत शेवाळ धरतं आणि पाणी परत खोलीत येतं. एक टनाचं मशीनही आमच्याकडे पावसाळी दिवसात तासाला लिटरभर पाणी सहज काढतं, त्यामुळे हा पाइप म्हणजे गौण वस्तू नाही. तांब्याच्या नळ्यांवरचा काळा फोम शेवटपर्यंत हवा, भिंतीच्या भोकातसुद्धा, कारण आमच्याकडे दवबिंदू २६-२७ ला असतो, म्हणजे त्याच्यापेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूला घाम फुटणार, आणि मग भिंतीचे पापुद्रे सुटतात आणि लोक प्लंबरला बोलावतात. बाहेरच्या युनिटवर महिन्यातून एकदा साधं गोडं पाणी मारायचं, मीठ धुऊन जाईल इतकंच, प्रेशरने नाही. फिल्टर पंधरा दिवसांनी धुवायचे. आउटडोअरचा पंखा फिरतोय पण कॉम्प्रेसर घुं करून थांबतोय तर आधी कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू करायला मदत करणारा छोटा भाग, बघायला सांगा (जुन्या, साध्या मशीनमधे), ते स्वस्तातलं काम असतं आणि त्याच्या जागी कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितल्याची उदाहरणं आहेत.

आणि रिमोट. २०२० च्या जानेवारीपासून नवीन एसी चालू केला की आपोआप २४ वर सुरू होतात, सरकारच्या नियमाने. अप्पांच्या खोलीत आम्ही २६ ठेवतो आणि वरचा पंखा हळू. खोलीतली आर्द्रता मोजायचं एक छोटं घड्याळासारखं यंत्र आणलंय, ते ५५ च्या आसपास असलं की अप्पा रात्रभर झोपतात. ७० च्या वर गेलं की मध्यरात्री खोकला सुरू. डॉक्टरांनी सांगितलं की दमट खोलीत बुरशी आणि धुळीतले किडे वाढतात, त्यांचाच दम्याला त्रास जास्त. आता कपाटाच्या मागची हिरवट बुरशी गेलीये, अप्पांच्या पट्ट्यावर पांढरं येत नाही, त्यांची जुनी पंचांगं आणि पोथ्या वाकड्या होत नाहीत. सकाळी थोडा वेळ खिडकी उघडतो, खोलीत ताजी हवाही हवीच, पण धो धो पाऊस असताना "छान गार वारा येतोय" म्हणून उघडत नाही. तो वारा गार असतो, कोरडा नसतो.

एवढं सगळं झाल्यावर माझ्या मनात एक गोष्ट राहून गेली ती लिहायलाच हवी. आमचं बाहेरचं युनिट तिसऱ्या मजल्याच्या बाहेर, खिडकीच्या खालच्या स्टँडवर आहे. जुनं उतरवायला आणि नवीन चढवायला तो फोन बघणारा मुलगा पावसात ओल्या छज्ज्यावर उतरला, अंगावर बेल्ट नाही, एक हात खिडकीच्या ग्रिलला आणि दुसऱ्या हातात पाना. जुन्या स्टँडचा अँगल खाऱ्या हवेने इतका गंजला होता की एका बाजूचा बोल्ट हाताने निघाला. आई आतून ओरडत होती, "बाळा, राहू दे रे, पाऊस थांबू दे." तो म्हणाला, "काकी, सवय आहे." एसी बसवताना मुलं पडल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात आणि आपण त्या पुढे सरकवतो. मेस्त्रींनी त्याला वर घेतलं, स्वतःची दोरी त्याच्या कमरेला बांधली, दुसरं टोक खोलीतल्या पलंगाला नाही तर जिन्याच्या काँक्रीटच्या खांबाला नेऊन बांधलं, आणि मगच परत उतरू दिलं. नवीन स्टँड गॅल्व्हनाइज्ड आणलं, साधं रंग दिलेलं नाही, फरक थोड्याशा पैशांचा.

त्यानंतर मी सोसायटीच्या मीटिंगमधे विषय मांडला की गच्चीच्या बीममधे कायमचे स्टेनलेसचे अँकर बसवून घ्यायचे, एक चांगला बेल्ट आणि दोरी वॉचमनकडे ठेवायची, आणि जो कोणी बाहेर उतरेल त्याने ते घातल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. खर्च सगळ्यांत वाटला तर एका गॅस चार्जिंगच्या बिलाएवढाही येत नाही प्रत्येकाला. बहुतेकांनी हो म्हटलंय. दोघांचं म्हणणं आहे की ही जबाबदारी कंपनीची, आपण कशाला. त्या दोघांच्याही घरी या वर्षी एसीचं काम निघालंय, तेव्हा मेस्त्रींना घेऊन मी येत्या रविवारी त्यांच्याकडे बसायला जाणार आहे.